यंदा की पुढच्या वर्षी

रविवार, ८ फेब्रुवारी

आज फोन तासभर चालला. त्यात अवंतीच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं आली, बाकी सगळा वेळ तिच्या शाळेची चर्चा. शाळा म्हणजे इथली नाही, जर्मनीतली. आमचा आशय आणि सून उत्कर्षा, अवंतीचे आईबाप, तिकडे गेले त्याला वर्ष उलटलं. जाताना आशय म्हणाला होता, "आई, सहा महिने सांभाळ. घर मिळू दे, उत्कर्षाची नोकरी लागू दे, मग नेतो." घर मिळालं, नोकरीही लागली. पण तिकडे म्हणे लहान मुलांच्या पाळणाघरात जागाच मिळत नाही, नंबर लावून बसावं लागतं. मग काय, पोर इथेच, बडोद्यात समाला आमच्या घरात. मी कधी तक्रार केली? एका शब्दाने नाही.

आता नवीनच निघालं आहे. अवंती ऑगस्टमध्ये सहाची होईल. तिकडची शाळा सप्टेंबरात उघडते. तिच्यासारखी जी काठावरची मुलं असतात, त्यांना यंदा पहिलीत घालायचं की पुढच्या वर्षी, हे आईबापांनी ठरवून एप्रिलच्या सुरुवातीला शाळेला कळवायचं. यंदा घातलं तर शाळा आणि शाळेनंतरची सोय दोन्ही एकाच ठिकाणी होतात, म्हणजे जूनमध्ये येऊन तिला घेऊन जातील. नाही घातलं तर पाळणाघराचा तोच घोळ, म्हणजे पोर अजून वर्षभर बडोद्यात.

उत्कर्षा म्हणते, यंदाच. आशय म्हणाला, "आई, तिच्याजवळ तू असतेस. तूच सांग, तयार आहे का ती?"

मी म्हटलं, बघून सांगते. एवढ्या मोठ्या गोष्टीचं उत्तर काय उभ्या उभ्या द्यायचं? जे दिसेल ते सांगायचं, पोरीच्या भल्याचं तेवढंच सांगायचं, असं मी ठरवलं आहे. आपला स्वार्थ त्यात आणायचा नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आमचे हे, सुभानराव मोहिते, रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून पेपर घेऊन हिंचक्यावर झोके घेत बसले की जेवायलाच उठतात. आज मात्र आपण होऊन बोलले. म्हणाले, "एवढा खल कशाला? कान धरायला सांग तिला."

ही मोहित्यांची पद्धत. ह्यांचे पणजोबा सरकारी पागेत होते. घोडं घ्यायचं दात बघून आणि पोर शाळेत घालायचं कान बघून. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. हात पोचला की मूल शाळेत. जन्मतारीख कोणाला पाठ असायची तेव्हा?

ह्यांनी अवंतीला समोर उभं केलं. तिने हात नेला. बोटं कानाला लागली.

"झालं," हे म्हणाले.

"अहो, लागली म्हणजे काय झालं? कान धरला कुठे तिने? लागणं वेगळं, धरणं वेगळं."

"आशयची तर बोटं लागतही नव्हती. तरी घातलंस ना तू त्याला, पाच पुरी व्हायच्या आत?"

काहीतरीच! तेव्हा माझी वीज कंपनीतली नोकरी होती, घरात बघायला कोणी नव्हतं. आता मी दिवसभर घरी आहे. पण ह्यांना समजावणार कोण? पुन्हा पेपरात तोंड घातलं.

अवंती नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, माझा हात अजून वाढेल ना?" ती मला आई म्हणते. आशय म्हणतो ते ऐकून तीही म्हणायला लागली, आणि उत्कर्षाला मम्मा. उत्कर्षाला ते खुपतं, मला माहीत आहे. दिवाळीत आली होती तेव्हा दोनतीनदा पोरीला "आजी म्हण, आजी" करून झालं. मी काही शिकवलं नव्हतं. मुलांच्या तोंडात येतं ते येतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

अवंतीला जरा खोकल्यासारखं वाटलं म्हणून आज बालमंदिरात पाठवली नाही. काल पाठवली नाही कारण गार वारा होता. दहाला भक्तीबेनचा फोन आला. बालमंदिर तीच चालवते, आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत. म्हणाली, "मासी, अवंती आजे पण नथी आववानी?" आजही नाही का यायची, म्हणून.

मी खोकल्याचं सांगितलं. ती म्हणाली की असं सारखं घरी ठेवू नका, पोरगी हुशार आहे, चित्रं काढते, गाणी म्हणते, सगळ्यांना डबा उघडून देते. फक्त एक आहे. साडेअकरा झाले की दप्तर पाठीला लावून दाराशी जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, कोणीतरी न्यायला येणार आहे.

कोणीतरी म्हणजे मीच की! बाराला मीच तर जाते न्यायला. अर्धा तास आधीपासून पोर माझी वाट बघत बसते, आणि हिला परक्या देशात नेऊन दिवसभर शाळेत बसवायचं म्हणतात. हे मी आशयला सांगितलं. तो म्हणाला, "हो का? इतकी चिकटली आहे तुला?" मी म्हटलं, आहे ते सांगते बाबा, मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

फार दमले आज.

उत्कर्षाने काल निरोप पाठवला होता. तिकडच्या शाळेतल्या बाईंनी तिला सांगितलं आहे की मूल काय काय करतं ते बघा. एका पायावर उड्या मारते का, कात्रीने कागद कापते का, माणसाचं चित्र काढते का. आणि आईला सोडून काही तास राहते का! हे वाचून तर मला हसूच आलं. वर्ष झालं राहते आहे ती. ह्या सगळ्याचा व्हिडिओ काढून पाठवा म्हणाली.

सकाळी मी पोळ्या करत होते तेवढ्यात ह्यांनी गच्चीवर नेऊन आपल्या फोनवर काढलाही. मला दाखवला. पोरगी लंगडी घालत गच्चीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला गेली, वळली, पाय बदलला आणि परत आली. खिदळत होती नुसती. पण अंगात मळका फ्रॉक, केसांना तेलपाणी नाही, मागे वाळत घातलेले कपडे. असला व्हिडिओ पाठवायचा का? तिकडे चार माणसं बघणार. मी म्हटलं, राहू द्या, मी संध्याकाळी नीट काढते.

संध्याकाळी वेणी घातली, नवा फ्रॉक घातला, हॉलमध्ये उभी केली. दुपारी झोपली नव्हती, त्यामुळे किरकिर चालू होती. फ्रॉक टोचतो म्हणे. मी म्हटलं, एकदाच कर, मम्माला पाठवायचं आहे. फरशी नुकतीच पुसलेली, मला आपली धास्ती. एका हातात फोन, तरी मी सारखं सांगत होते, "जपून हं, पडशील. पडशील गं. बघ, पडशील." दोन उड्या मारल्या आणि पडली. जी रडायला लागली ती माझ्या कमरेला मिठी मारून. फोनही हातातून निसटला.

हे म्हणाले, "सकाळचा पाठव."

मी म्हटलं, "का? सकाळचा तेवढा खरा आणि हा खोटा? मूल शाळेत काय खिदळतच बसणार आहे? थकलं, कंटाळलं, नवे कपडे टोचले, नवी माणसं समोर आली की कसं वागतं तेच बघायचं असतं."

बरोबर बोलले मी. संध्याकाळचा पाठवला.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आशयचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "आई, नाही वाटत गं ती तयार." अवंती माझ्या मांडीवर बसून केळं खात होती. मी म्हटलं, "नाही जमलं तिला. तू बघितलंसच. यंदा काही जमायचं नाही, उगाच ताणू नका पोरीला."

फोन ठेवल्यावर अवंतीने विचारलं, "आई, मी नापास झाले?"

मला इतकं हसू आलं! हा शब्द कुठून उचलला कोण जाणे. पापा घेतला आणि म्हटलं, नापास कसली, माझी राणी आहेस तू. केळं अर्धंच टाकलं तिने.

बुधवार, ४ मार्च

धुळवड. सोसायटीतली मुलं रंगून माकडं झाली होती. अवंती खाली गेली नाही, माझ्याजवळच बसून राहिली. सहा वर्षांचं व्हायला आलेलं मूल रंगालाही घाबरतं, आणि म्हणे पहिलीत घाला. आशयला फोटो पाठवला, गॅलरीतून खाली बघत बसलेलीचा.

सोमवार, ९ मार्च

आता फोनवर यायलाच तयार नाही. उत्कर्षा तिकडून "अवू, अवू" करते आणि ही दाराआड. ओढून आणली तर मान खाली घालून बसली. "मम्माशी बोल ना," म्हटलं तर पुटपुटली, "नंतर. मला येईल तेव्हा." काय येईल, कोणाला काय येईल, काही धड सांगत नाही.

मला वाईट वाटलं उत्कर्षाचं, खोटं कशाला सांगू? पण मनात म्हटलं, ज्याची सवय त्याची माया. दिवाळीनंतर ती परत निघाली तेव्हाही पोर रडली नव्हती, माझ्या मागे जाऊन लपली होती. तिला आईची तशी ओढच राहिलेली नाही. आता अशा पोरीला तिथे नेऊन कोणाच्या भरवशावर सोडणार? माझा निर्णय बरोबरच आहे. निर्णय माझा नाही म्हणा, त्यांचा आहे. मी फक्त जे आहे ते सांगते.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. सकाळी गुढी उभारली. पाटीपूजन करायचं म्हणून काल मुद्दाम जुन्या शहरात मांडवीला जाऊन घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या एका दुकानातून खरी दगडी पाटी आणली. प्लास्टिकची मला चालत नाही. पाटीवर सरस्वती काढली, हळदकुंकू वाहिलं आणि अवंतीचा हात धरून श्री गिरवायला बसले. तर तिने हात सोडवून घेतला.

"मला येतं."

आणि लिहिलं की! अवंती. तो अनुस्वार जरा लांब गेला, बाकी स्वच्छ. त्याखाली आशय. त्याखाली मम्मा. मी हे शिकवलेलं नव्हतं. भक्तीबेनकडे तर गुजराती चालतं. हे हिंचक्यावर बसून रोज दुपारी मला झोप लागली की तिला शिकवत होते, असं आज कळलं.

मी ह्यांना म्हटलं, "माझ्या मागे हे धंदे चालतात होय?"

"तिनेच मागे लागून शिकून घेतलं," हे म्हणाले. "मम्माचं नाव आधी शिकव म्हणाली."

कौतुक वाटलं. वाटणारच, नात आहे माझी. पण लिहिता आलं म्हणजे शाळेला तयार झालं असं कुठे असतं? पोपटही बोलतो. पाटीचा फोटो काढायचा राहून गेला, आणि श्रीखंड करण्याच्या गडबडीत ओल्या हाताने पाटी पुसली गेली.

शनिवार, २१ मार्च

आज माझं डोकं ठिकाणावर नाही. जे झालं ते लिहून काढते.

दुपारी उत्कर्षाचा फोन आला. एकटीचा. आशय घरी नव्हता. सरळ म्हणाली, "आई, मी तो व्हिडिओ परत परत बघितला. त्यात तुमचा आवाज ऐकलात का तुम्ही?"

"कसला आवाज?"

"पडशील, पडशील, पडशील. ती पडेपर्यंत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "म्हणजे मी पाडली तिला? वर्षभर हिचं हगणंमुतणं काढलं, ताप आला तर रात्र रात्र उशाशी बसले, आणि तू तिकडून उंटावरून शेळ्या हाकणार?"

"मी तसं म्हणत नाहीये, आई. मला एवढंच म्हणायचंय की ती करू शकते. मला माहीत आहे. ती माझी मुलगी आहे."

"मग न्यायची होतीस. ठेवून का गेलीस?"

तोंडातून निघून गेलं. मग ती म्हणाली, "खरं आहे तुमचं," आणि तिने फोन ठेवला.

हे सगळं ऐकत होते. चहा केला तोही न घेता चपला घालून बाहेर गेले. मी जिंकले असं वाटायला हवं होतं. वरण गॅसवर होतं ते करपलं.

मंगळवार, २४ मार्च

आशयचा फोन. "आम्ही ठरवलं, आई. पुढच्या वर्षी. गुरुवारी, दोन तारखेला, शाळेला कळवून टाकतो. उत्कर्षाही आता काही म्हणत नाही." मी म्हटलं, शहाणपणाचं केलंत.

हाश! सुटले एकदाची. संध्याकाळी अवंतीसाठी गोड शिरा केला. दोन घास खाल्ले तिने. मी तिला म्हटलं, "आता तू पुढच्या वर्षापर्यंत इथेच राहायचं, माझ्याजवळ. मज्जा ना?" तिने मान हलवली. मूल समजूतदार आहे माझं.

शुक्रवार, २७ मार्च

अवंतीचे दोन्ही गुडघे फुटलेले. हळद लावली. कशी पडलीस म्हटलं तर, "अशीच." डबाही तसाच परत आणते, किती दिवस झाले. भक्तीबेनला एकदा चांगलं फैलावर घेतलं पाहिजे, पोरांकडे लक्ष नको का?

सोमवार, ३० मार्च

गेले होते भक्तीबेनला फैलावर घ्यायला.

बारा वाजायच्या आधीच गेले. गुडघ्यांचा विषय काढला. तिने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, मासी, मीच तुमच्याकडे येणार होते. महिनाभर झाला, सुट्टीत ही डबा खात नाही. सगळी मुलं खायला बसतात आणि ही अंगणात एकटी लंगडी घालत असते. पडते, उठते, पुन्हा घालते. शेवटी आज जवळ घेऊन विचारलं तेव्हा सांगितलं.

"शुं कह्युं?" मी विचारलं.

"एणे कह्युं, हुं नापास थई गई, एटले मम्मी मने लेवा नहीं आवे. रोज करूं तो पास थईश."

मी तिथल्या लहानशा बाकावर बसले. मुलांचा बाक तो, गुडघे हनुवटीला लागले. नापास झाले म्हणून मम्मा मला न्यायला येणार नाही. रोज केलं तर पास होईन. महिनाभर पोर उपाशीपोटी हे करत होती आणि मी घरी बसून आशयला फोटो पाठवत होते.

भक्तीबेन पाणी घेऊन आली.

तेवढ्यात आतून अवंती आली, दप्तर पाठीला लावून. दारापाशी बसणार होती, मला बघून थबकली. तिच्या तोंडावर काय होतं ते मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. ती माझी वाट बघत नव्हती. कोणी दुसरं येईल म्हणून बसायची, आणि रोज मी यायचे.

मंगळवार, ३१ मार्च

काल रात्रीपासून चारदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. परवा दोन तारीख.

काय सांगणार मी? आशय म्हणेल, आई, तू तर म्हणालीस. उत्कर्षा काय म्हणेल ते तर विचारायलाच नको. आणि खरं लिहायचं तर, एवढंच कारण नाही. ती गेली की ह्या घरात सकाळी कोणासाठी उठायचं? ह्यांना चहा लागतो, तो ते स्वतः करून घेतात. गप्प राहिले तर गुरुवारी आपोआप सगळं होऊन जाईल, कोणाला कळायचंही नाही. पोरीला मी समजावीन. मुलं विसरतात.

हे लिहिलं आणि वाचलं. विसरतात म्हणे. ती महिनाभर विसरली नाही.

बुधवार, १ एप्रिल

सकाळी ह्यांच्यासमोर हात पुढे केला. म्हटलं, "तुमचा फोन द्या. गच्चीवरचा व्हिडिओ आहे ना अजून?"

ह्यांनी लगेच काढून दिला. मी पाठवला. आशयला आणि उत्कर्षाला, दोघांना.

दहा मिनिटांत आशय. "आई, हा कधीचा?"

"त्याच दिवशीचा. सकाळचा."

"मग तेव्हा..."

"तेव्हा मी पाठवला नाही. ती तयार आहे, आशय. तेव्हाही होती. तिला वाटतंय, ती नापास झाली म्हणून तुम्ही न्यायला येत नाही. यंदाच घाला तिला. उद्या तसंच कळवा."

फोन उत्कर्षाने घेतला असावा, कारण मग तिचा आवाज आला. "आई, सव्वा महिना. सव्वा महिना ती असं समजून बसली होती आणि मी इकडे समजत होते की तिला मी नकोशी झाले. तुम्ही बघत होतात ना? रोज बघत होतात?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, नको बोलूस. अवंती घरी आली की तिच्याशी बोल.

मला एरवी असं कोणी बोललं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज राग आलाच नाही. कढीपत्ता निवडत बसले दुपारपर्यंत.

गुरुवार, २ एप्रिल

शाळेला कळवलं. यंदा. आशयचा निरोप आला.

काल अवंतीला फोनवर उत्कर्षाने सांगायचा प्रयत्न केला, पण दोघी नुसत्या रडल्या आणि पोरीला नीट कळलंच नाही. म्हणून आज मीच बसले तिला घेऊन. रात्रीच मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. ती माझ्या गळ्यात पडेल, आई, तुला सोडून नाही जाणार म्हणेल, मग मी काय सांगायचं, कशी समजूत घालायची. रोज फोन करू, दिवाळीला तू येशील, मी तुला लाडू पाठवीन. सगळं तयार होतं.

म्हटलं, "अवू, तू नापास नव्हती झालीस. कधीच नाही. व्हिडिओ मी चुकीचा पाठवला होता. तू पास आहेस. मम्मा आणि पप्पा तुला न्यायला येणार आहेत."

"खरंच?"

"खरंच."

"आज?"

"आज नाही गं. जूनमध्ये."

"जून म्हणजे कधी?"

"आता हा एप्रिल. मग मे. मग जून. दोन महिने."

"दोन महिने? एवढे?"

आणि रडायला लागली. पडल्यावर रडते तसं नाही. गुडघे पोटाशी घेऊन, आवाज न करता. "मला आत्ता जायचंय. आई, मला आत्ता मम्माकडे जायचंय." मला ढकललं नाही तिने, माझ्याच कुशीत तोंड घालून रडत होती, माझाच पदर भिजवत होती. पण मम्मासाठी. मी तिला अजून एक वर्ष ठेवणार होते, आणि तिला माझ्याजवळ दोन महिने काढवत नव्हते.

मला फार रडू आलं. तिच्यासमोर नाही रडले. हे आले आणि तिला उचलून गच्चीवर घेऊन गेले, तेव्हा रडले.

मग तोंड धुऊन आशयला फोन लावला. म्हटलं, "जूनपर्यंत थांबू नकोस. तिची कागदपत्रं दिवाळीतच झाली आहेत. सुट्टी मिळेल त्या दिवशी ये आणि घेऊन जा. उत्कर्षाला पाठव, ती आली तर जास्त बरं."

"आई, अगं इतक्या लवकर? तुला राहवेल का?"

"तू तिकीट बघ," मी म्हटलं. "आज बघ."